एक डोंगर आणि एक दोर



दिवसभराचे काम आटोपून तुम्ही वर्गाला आलात. कुणी गुरांना वैरण टाकून आला असेल, कुणी चुलीवरची भाकर उतरवून आली असेल. म्हणून आम्ही पाल्हाळ लावणार नाही. आज एका डोंगराची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट खरी आहे. १८६५ साली घडलेली आहे. डोंगर आपल्या देशातला नाही. आम्हीही तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. आम्ही त्याविषयी वाचले आहे. वाचता येण्याचा हाच तर लाभ. ओसरीवर बसून परमुलखातला डोंगर चढता येतो.

युरोप खंडात आल्प्स नावाची मोठी डोंगररांग आहे. तिच्यात मॅटरहॉर्न नावाचे एक शिखर आहे. शिखराच्या उत्तरेला स्वित्झर्लंड देश, दक्षिणेला इटली देश. दोन्ही देशांची हद्द बरोबर माथ्यावरून जाते. आपल्या दोन गावांची शीव एखाद्या टेकडीवरून जाते ना, तशीच. इटलीतले लोक या शिखराला चेर्विनो म्हणतात. डोंगर एकच, नावे दोन.

उंची किती? ४,४७८ मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी मॅटरहॉर्नचा माथा वरच राहील. वर बाराही महिने बर्फ. हवा विरळ, चार पावले टाकली की धाप लागते. डोंगराला चार बाजू आणि चार धारा आहेत. लांबून पाहिले तर भाल्याचे पाते आभाळात रोवल्यासारखे दिसते.

या डोंगराचा खडकही मोठा फसवा. तो भेगाळलेला आहे. रात्री थंडीने भेगांतले पाणी गोठते आणि सुटे दगड जागच्या जागी धरून ठेवते. दिवसा ऊन लागले की बर्फ वितळते आणि दगड सुटतात. गोफणीतून सुटावेत तसे खाली येतात. म्हणून चढणारे लोक आजही उजाडण्याच्या आत, दिवा घेऊन निघतात.

आल्प्समधील एकेक शिखर माणसाने सर केले होते. मॅटरहॉर्न मात्र राहिला होता. खालच्या खोऱ्यांतले पुष्कळ लोक म्हणत, की हा डोंगर चढण्यातला नव्हे, वर भुते आहेत. आपल्याकडेही अवघड कड्याला असे म्हणतातच की!

आता गोष्टीतली माणसे पाहू. नावे परकी आहेत. घाबरू नका. अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचा, जमतील.

पहिला माणूस एडवर्ड व्हिंपर. हा इंग्रज. धंदा लाकडावर चित्रे कोरण्याचा. त्या काळी पुस्तकात चित्र छापायचे तर ते आधी लाकडात कोरावे लागे. १८६० साली आल्प्सची चित्रे काढण्यासाठी म्हणून तो तिकडे गेला, आणि डोंगरांच्या नादी लागला. मॅटरहॉर्नवर त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. १८६२ साली एकटाच गेला असताना तो सुमारे २०० फूट खाली घसरला. डोके फुटले, पण जीव वाचला. बरा झाला आणि पुन्हा डोंगराकडे निघाला. असा हट्टी गडी.

दुसरा माणूस झां आंत्वान कॅरेल. हा इटलीच्या बाजूच्या खोऱ्यातला. शिकारी, आणि एके काळचा शिपाई. तो परक्या पाहुण्यांना डोंगरात वाट दाखवीत असे. मॅटरहॉर्न त्याच्या दारातला डोंगर. पहिल्यांदा वर पाय ठेवावा तो आपल्या गावच्या माणसाने, आपल्याच बाजूने, अशी त्याची जिद्द होती. व्हिंपर आणि कॅरेल अनेकदा बरोबर चढले. दोघांनाही एकमेकांची ताकद ठाऊक होती. पण दोघांनाही पहिला मान हवा होता. येथेच गोम होती.

१८६५ च्या जुलै महिन्यात व्हिंपरला कळले, की कॅरेल इटलीच्या काही लोकांच्या वतीने डोंगराकडे निघून गेलासुद्धा! व्हिंपर मागे राहिला. त्याला राग आला. तो घाईघाईने खिंड ओलांडून स्वित्झर्लंडच्या बाजूला झेरमॅट गावी आला. त्या बाजूची धार समोरून पाहिली तर भिंतीसारखी उभी दिसते, म्हणून तिकडे फारसे कुणी जात नसे. पण व्हिंपरने ती बाजूनेही पाहिली होती. चढण समोरून पाहिली की उभी दिसते, बाजूने पाहिली की खरी कळते. शिवाय तिकडे खडकाचे थर आतल्या बाजूला कललेले होते. त्यामुळे पायऱ्यांसारखे पाय ठेवायला जागा होती.

झेरमॅटला जी माणसे मिळाली ती गोळा करून जथा तयार झाला. एकूण सात जण. व्हिंपर. लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, वय अवघे १८. हडसन नावाचे एक पाद्री, चढण्यात तरबेज. त्यांच्याबरोबर आलेला हॅडो, वय १९, डोंगराची फारशी सवय नसलेला. आणि तीन वाटाडे. मिशेल क्रो हा फ्रान्सचा, धाडसी आणि अंगाने दणकट. उरलेले दोघे झेरमॅटचेच, बाप आणि लेक. आडनाव टाउगवाल्डर. दोघांचेही नाव पीटर. आपण त्यांना थोरला पीटर आणि धाकटा पीटर म्हणू.

मंडळी, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सात जण पूर्वी कधी एकत्र चढले नव्हते. घाईत जमलेला हा मेळा. कुणाचा पाय कच्चा, कुणाला काय झेपते, हे सर्वांनी मिळून पारखलेले नव्हते.

१३ जुलैला पहाटे ते निघाले. रात्री डोंगरावरच तंबू ठोकला. १४ जुलैला उजाडताच पुढे निघाले. चढण वाटली होती त्यापेक्षा सोपी निघाली. माथ्याजवळ मात्र अवघड जागा लागली. ती पार केली. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी ते माथ्यावर पोहोचले. बर्फावर एकाही माणसाचे पाऊल उमटलेले नव्हते. त्यांच्या आधी कुणी आलेले नव्हते!

व्हिंपर कड्याच्या टोकाशी गेला. खाली पुष्कळ अंतरावर, इटलीच्या सोंडेवर, कॅरेल आणि त्याचे सोबती दिसले. यांनी आरडाओरडा केला. त्यांचे लक्ष जावे म्हणून दगड ढकलले. खालच्यांनी वर पाहिले. वर माणसे! ते हिरमुसले आणि मागे फिरले.

क्रोने तंबूच्या काठीला आपला अंगरखा बांधून निशाण केले. इटलीच्या बाजूच्या गावातून ते निशाण दिसले. त्यांना वाटले, आपलाच कॅरेल पोहोचला. गावात आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी कॅरेल मान खाली घालून परत आला तेव्हा खरे कळले.

माथ्यावर हे सात जण तासभर थांबले. जग जिंकल्यासारखे वाटले असेल. पण मंडळी, डोंगर चढला म्हणजे अर्धेच काम झाले. उतरणे बाकी असते. चढताना नजर वर असते, हात पुढे असतात. उतरताना पाय आधी जातो, आणि तो कोठे पडतो ते दिसत नाही. त्यात अंग थकलेले, मन सैल पडलेले. गवळ्याच्या घरची हिरकणी रायगडाचा कडा उतरली, म्हणून तिचे नाव राहिले. चढली म्हणून नव्हे.

उतरताना सातही जणांनी एकमेकांना दोराने बांधून घेतले. सर्वांत पुढे क्रो. त्याच्यामागे हॅडो. मग पाद्री हडसन. मग डग्लस. मग थोरला पीटर. मग व्हिंपर. शेवटी धाकटा पीटर. अवघड जागी खडकाला आणखी एक दोर बांधावा, म्हणजे धरायला आधार होईल, असे व्हिंपरने हडसनला सुचविले होते. हडसनला ते पटलेही. पण पक्के ठरले नाही, आणि झाले नाही. असे आपल्याही घरी होते. ‘करायला पाहिजे’ असे सगळे म्हणतात. करतो कुणीच नाही.

हॅडो दमला होता. त्याचे पाय ठरत नव्हते. पुढचा क्रो आपली बर्फ फोडण्याची कुऱ्हाड बाजूला ठेवून मागे वळे, हॅडोचे पाऊल हातात धरी आणि खडकावर नीट ठेवी. एक पाऊल, मग दुसरे पाऊल. लहान मुलाला चालवावे तसे. असे एकदा ठेवून क्रो पुढे वळला, आणि तेवढ्यात हॅडो घसरला. तो क्रोच्या पाठीवर आदळला. क्रो ओरडला. दोघेही खाली निघाले. त्यांच्या ओढीने हडसन गेला. त्याच्यामागे डग्लस गेला.

थोरला पीटर आणि व्हिंपर यांनी जिवाच्या आकांताने खडक घट्ट धरला. दोर ताणला गेला. आणि डग्लस व थोरला पीटर यांच्यामध्ये तो तुटला.

चार माणसे सुमारे ४,००० फूट खाली हिमनदीवर जाऊन पडली. वर तिघे उरले. पुष्कळ वेळ त्यांना पाऊल उचलवेना. त्यांनी ती रात्र डोंगरावरच काढली आणि दुसऱ्या दिवशी ते गावात आले. मागाहून तिघांची प्रेते सापडली. १८ वर्षांच्या डग्लसचे प्रेत कधीच मिळाले नाही.

आता दोराकडे या. त्यांच्याजवळ तीन प्रकारचे दोर होते. दोन चांगले मजबूत. तिसरा जुना आणि कमी जोराचा. बरोबर घेतला होता तो जादा म्हणून. डग्लस आणि थोरला पीटर यांच्यामध्ये बांधला होता तो हाच जुना दोर. आणि चांगला दोर? तो पुष्कळसा तसाच शिल्लक होता, गुंडाळलेला! मंडळी, आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या पोटात कालवले. नसल्यामुळे अडले असते तर गोष्ट निराळी. जवळ असून वापरला नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. थोरल्या पीटरनेच दोर कापला, स्वतःचा जीव वाचवायला चौघांना सोडले, असे लोक बोलू लागले. चौकशी बसली. जबान्या लिहून घेतल्या. व्हिंपरनेही दोर तपासून सांगितले, की तो कापलेला नव्हता, तुटलेला होता. पीटर निर्दोष ठरला. परंतु ते चौकशीचे कागद पुष्कळ वर्षे बंदच राहिले. लोकांनी कागद वाचला नाही, कुजबुज ऐकली. १८८८ साली पीटर वारला. तोपर्यंत त्याच्यामागचा संशय पुरता गेला नाही. कागद काय सांगतो आणि तोंड काय सांगते, यांत किती अंतर असते पाहा! म्हणून आम्ही म्हणतो, वाचायला शिका. आणि वाचल्याशिवाय कुणाच्या नावाने बोट मोडू नका.

इकडे इटलीच्या बाजूला काय झाले? कॅरेल खचला होता. पण गावच्या पाद्र्याने, आमे गोरे यांनी, त्याला धीर दिला. पुन्हा जथा निघाला. १७ जुलैला, म्हणजे अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, ते माथ्याजवळ पोहोचले. तेथे एक घळ आडवी आली. घळीत दोराने उतरून पलीकडे जायचे होते. पण परत येताना वर कोण ओढून घेणार? कुणीतरी अलीकडे दोर धरून थांबायला हवे होते. माथा हाकेच्या अंतरावर. कुणाला थांबावेसे वाटेल? गोरे म्हणाले, आम्ही थांबतो. त्यांच्याबरोबर आणखी एक सोबती थांबला. कॅरेल आणि दुसरा एक गडी पुढे गेले आणि इटलीच्या बाजूने माथ्यावर पोहोचले. परत आले तेव्हा दोर धरायला माणसे हजर होती. सगळे सुखरूप खाली आले.

मंडळी, आम्हाला विचाराल तर त्या दिवशी सर्वांत उंच कोण चढले? जे थांबले ते.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही नव्याने मास्तर झालो होतो. मुलांची सहल घेऊन एका गडावर गेलो. जाताना सर्व ठीक झाले. गडावर भाकरी खाल्ल्या, गाणी म्हटली. उतरताना दांडगी मुले पुढे धावली. आम्हीही त्यांच्याबरोबर पुढे आलो. खाली येऊन डोकी मोजली तर एक कमी! नवा, अंगाने किरकोळ असा मुलगा मागे राहिला होता. परत वर गेलो. तो एका घळीत घसरून बसला होता. हात मोडला होता. रडत नव्हता. म्हणाला, ‘गुरुजी, मी हाका मारल्या होत्या.’ त्याचा हात पुढे बरा झाला. आज तो चांगली शेती करतो. भेटला की हसून नमस्कार करतो. पण ‘मी हाका मारल्या होत्या’ हे शब्द आमच्या कानांतून अजून जात नाहीत. त्यानंतर प्रत्येक सहलीत आम्ही सर्वांच्या शेवटी चाललो. सर्वांत कच्च्या मुलाच्या चालीने सगळ्यांना चालवले. घरी पोहोचायला उशीर झाला, पण पुन्हा डोके कमी भरले नाही.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही कशाला मॅटरहॉर्नवर जातोय? खरे आहे. पण दोर तर आपल्याही हातात आहे. पूर्वी मोट चालायची तेव्हा नाडा झिजला की शहाणा शेतकरी तो आधी बदलत असे. आजही विहिरीतला गाळ काढायला माणूस खाली उतरतो. दोर कोण पाहतो? ‘कालच तर वापरला होता,’ असे म्हणून आपण सोडतो की नाही? जुना दोर वैरण बांधायला चालतो. माणूस बांधायला चालत नाही. विहिरीत माणूस सोडण्यापूर्वी सगळा दोर वीत वीत हातातून काढून पाहा. पीळ सुटला असेल, कुजका वास येत असेल, एखादा धागा तुटला असेल, तर तो दोर बाजूला ठेवा. दुसरे टोक नुसते हातात धरू नका. खांबाला किंवा झाडाला पक्का वेढा द्या. आणि खाली गेलेला माणूस वर येईपर्यंत वरच्याने जागा सोडू नये. विडी ओढायलासुद्धा नाही.

दुसरे असे, की दोर फक्त काथ्याचा नसतो. घर हाही दोरच आहे. गाव हाही दोरच आहे. त्यात कुणी दणकट असतो, कुणी कच्चा असतो. दणकट माणूस किती पुढे गेला यावर घर टिकत नाही. कच्चा माणूस कोठे आहे, हे पाहणारे कुणी आहे की नाही, यावर टिकते. तुमच्या वर्गातच पाहा. कुणी भराभर वाचू लागले. कुणी अजून अक्षर लावत बसले आहे. ज्याला येते त्याने शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहावे. क्रोने हॅडोचे पाऊल धरले तसे त्याचे बोट धरावे.

गोष्ट थोडी उरली आहे. मॅटरहॉर्नवर पुढे पुष्कळ लोक गेले. १८७१ साली ल्यूसी वॉकर ही बाई माथ्यावर जाऊन आली. बायांनो, हे ध्यानात ठेवा. लांब झगा घालण्याचा तो काळ होता, तरी ती गेली. आज अवघड जागी जाड दोर कायमचे बांधलेले आहेत. तरीही त्या डोंगराने आजवर ५०० हून अधिक बळी घेतले आहेत. डोंगर जुना झाला म्हणून मऊ होत नाही.

व्हिंपर आणि कॅरेल यांचे वैर टिकले नाही. १८८० साली दोघे मिळून दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो नावाचे उंच शिखर बरोबर चढले.

आणि कॅरेल? १८९० च्या ऑगस्टमध्ये तो एका पाहुण्याला घेऊन आपल्याच डोंगरावर गेला होता. वय साठीच्या पुढे. आमच्याएवढेच. बरोबर आणखी एक वाटाड्या होता. मध्येच वादळ झाले. वर एका झोपडीत त्यांना अडकून पडावे लागले. खाणे-जळण संपत आले, तेव्हा उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. बर्फाने दोर ताठ झाले होते, खडक निसरडे झाले होते. तशा वाऱ्यात कॅरेलने तासन् तास वाट काढली आणि दोघांनाही डोंगराच्या पायथ्याशी सुखरूप आणले. धोका संपला. मग तो खाली बसला आणि थकव्यानेच त्याचा प्राण गेला.

पंचवीस वर्षांपूर्वी तो तीन दिवसांनी मागे पडला होता. पहिला मान दुसऱ्याला गेला होता. पण आज इटलीच्या सोंडेवर, त्या वाटेवर, चढणाऱ्यांना रात्री आसरा देणारी जी झोपडी आहे, तिला कॅरेलचे नाव आहे. वादळात सापडलेला माणूस तिच्यात शिरतो, दार लावतो आणि वाचतो.

मंडळी, आमचे बोलणे संपले. उद्या हा धडा घरी मोठ्याने वाचा. घरात विहिरीवरचा दोर असेल तर आजच रात्री तो कंदिलाजवळ नाही तर दिव्याखाली धरून पाहा. आणि आपल्या मागे कोण राहिले आहे, तेही एकदा वळून पाहा.

राम राम.